पूर्व किनाऱ्याचा आराखडा आखणाऱ्यांना माझगावहून खुलं पत्र

पूर्व किनारपट्टीच्या विकासाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, नगररचनाकारांना आणि सल्लागारांना,

सप्रेम नमस्कार.

मी माझगावची. जन्म ताडवाडीतल्या बीआयटी चाळीतला, शाळा माझगावातली, नोकरीही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर केली. आता साठी उलटली आहे. आजोबा आणि वडील दोघंही गोदीत होते.

काही महिन्यांपूर्वी किनाऱ्याच्या विकासाबद्दल एक सादरीकरण झालं, त्याला मी गेले होते. पडद्यावर मुंबईचा नकाशा आला. हार्बर लाइनच्या पश्चिमेला रस्ते, वस्त्या, शाळा, देवळं, सगळ्यांची नावं होती. पूर्वेला रुळांपासून पाण्यापर्यंत फिकट करड्या रंगाचा एक लांब पट्टा होता आणि त्यावर तीनच शब्द होते : विकासासाठी उपलब्ध जमीन. माझ्या वडिलांनी त्या पट्ट्यात एकतीस वर्षं काम केलं. मी हात वर केला होता, पण प्रश्नांची वेळ संपली होती. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

आधीच सांगते, मी या विकासाच्या विरोधात नाही. गोदीची भिंत पडावी असं ज्यांना वाटतं त्यांत माझगावकरांचा नंबर पहिला लागेल. आम्ही समुद्राच्या काठी राहतो आणि आम्हाला समुद्र दिसत नाही. पी. डिमेलो रोडनं चाललं की एका बाजूला भिंतच भिंत. मधे फाटकं. फाटकावर शिपाई. वडिलांच्या खिशात फोटो लावलेला पास असायचा, तो दाखवून ते आत जायचे. आम्ही मुलं बाहेर. लहानपणी मी शाळेत ‘माझगाव हे बंदर आहे’ असं लिहिलं होतं, आणि तेव्हा मी बंदर आतून एकदाही पाहिलेलं नव्हतं. समुद्र पाहायचा तर आम्ही टेकडी चढायचो.

तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या आराखड्यात ती टेकडी पट्ट्याच्या बाहेर पडते आणि त्यामुळे तिचा विचार होत नाही असं मला दिसलं.

भंडारवाड्याची टेकडी. वरच्या बागेचं नाव जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. बागेच्या पोटात पाण्याची मोठी टाकी आहे, दक्षिण मुंबईच्या कितीतरी घरांचं पाणी तिथून येतं. आणि टाकीच्याही आधी तिथं किल्ला होता. इंग्रजांनी तो १६८० च्या सुमारास बांधला आणि दहा वर्षंही नीट टिकला नाही. १६८९ मध्ये मोगलांच्या बाजूनं लढणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाची फौज शिवडीला उतरली, माझगाव घेतलं, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे लोक फोर्टाच्या तटामागे अडकून पडले. वर्षभरानं औरंगजेबाशी तडजोड झाली तेव्हा सिद्दी परत गेला, पण जाताना किल्ला उद्ध्वस्त करून गेला. तारीख ८ जून १६९०. आज तिथं किल्ल्याचं काही दिसत नाही. पण किल्ला त्याच टेकडीवर का बांधला हे बागेच्या पूर्वेच्या कठड्याशी उभं राहिलं की कुणीही न सांगता कळतं. सगळं बंदर खाली पसरलेलं असतं. समोर माझगाव डॉकच्या क्रेन, उजवीकडे गोद्या, डावीकडे दारूखाना आणि त्यापलीकडे शिवडी, आणि हवा स्वच्छ असली की घारापुरीचा डोंगर आणि त्यामागे उरणची रेघ.

ज्यांचं नाव बागेला आहे ते काका बाप्टिस्टा आमच्या माथारपाखाडीतले. १८६४ चा जन्म. बॅरिस्टर, लोकमान्यांचे सहकारी. १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष, १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली तिचे उपाध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणूस आणि रत्नागिरीत जन्मलेला ब्राह्मण संपादक खांद्याला खांदा लावून स्वराज्य मागत होते, ही आमच्या गल्लीची गोष्ट आहे. माथारपाखाडीत आजही लाकडी जिन्याची, पुढे पडवी असलेली घरं आहेत आणि मधोमध क्रूस आहे. ईस्ट इंडियन हे नाव ऐकून बाहेरची माणसं गोंधळतात. हे मूळचे इथलेच लोक, घरात मराठी बोलणारे. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारच्या काळापासून इथं असलेले, असं सांगायला त्यांनी १८८७ मध्ये आपल्या संघटनेसाठी हे नाव घेतलं.

माझी पहिली विनंती या टेकडीची आहे. तुमच्या चित्रात किनाऱ्यालगत उंच इमारतींची रांग होती. ती रांग नेमकी टेकडीच्या समोर येते. साडेतीनशे वर्षं ज्या जागेवरून माणसांनी हे बंदर पाहिलं, तिथून पुढच्या पिढीला काचेच्या भिंती दिसतील. टेकडीच्या आणि पाण्याच्या मधल्या पट्ट्यात उंचीची मर्यादा घाला. आणि टेकडीच्या पायथ्यापासून धक्क्यापर्यंत चालत जाता येईल असा एक सरळ रस्ता द्या. त्यावर फाटक नको, तिकीट नको.

आता नावांबद्दल.

माझगाव हे नाव मत्स्यग्रामावरून आलं असं काही अभ्यासक म्हणतात. आम्ही लहानपणी ते सरळ ‘माझा गाव’ असंच धरायचो. मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक बेट, आणि ते बागांचं बेट होतं. हे सांगायला पुरावा म्हणून पत्ते पुरेसे आहेत. ताडवाडीत ताड होते. भंडारवाड्यात ते ताड चढून ताडी काढणारे भंडारी होते. अंजीरवाडीत अंजिरं होती. आणि माझगावचा आंबा तर दिल्लीपर्यंत प्रसिद्ध होता. इथल्या काही झाडांना वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास, फळ येत असे असं जुन्या नोंदी सांगतात. ती झाडं गेली. आंब्याच्या नावाची वाडी मात्र कुणी ठेवली नाही, आणि म्हणूनच आज माझगावात दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांना आंब्याचं माहीत नसतं. अंजीर सगळ्यांना ठाऊक आहेत. नाव राहिलं की निदान मूल कधीतरी विचारतं, ‘अंजीरवाडी का म्हणतात गं?’

पोर्तुगीजांनी १५७२ मध्ये हे बेट डिसूझा घराण्याला दिलं. १६३२ मध्ये इथं ग्लोरिया चर्च उभं राहिलं. पुढे इंग्रजांच्या काळात फोर्टातल्या साहेबांना आणि पारशी शेटियांना हवा खायला माझगाव बरं वाटू लागलं, मग बंगले आले. बेल्व्हेडिअर नावाच्या अशाच एका बंगल्यातून १७७३ मध्ये एलायझा ड्रेपर नावाची तरुण बाई नवऱ्याला सोडून रात्री समुद्रावाटे निघून गेली. त्या काळी बंगल्याच्या पायथ्याशी पाणी होतं म्हणून ते जमलं. आज त्या बाईला टॅक्सी करावी लागली असती, इतका समुद्र दूर गेला आहे.

दूर गेला म्हणजे आपण ढकलला. १७७४ मध्ये माझगावला एक छोटी सुकी गोदी बांधली गेली, तीच आजच्या माझगाव डॉकची सुरुवात. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. भराव घालत घालत किनारा पूर्वेला सरकत गेला. १९१० मध्ये हार्बर लाइन कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली. ती पुढे न्यायला जागा हवी होती, म्हणून ग्लोरिया चर्च पाडलं. १९१३ मध्ये ते भायखळ्याला नव्यानं उभं राहिलं. पावणेतीनशे वर्षांचं चर्च रुळांसाठी गेलं. रेल्वेनं माझगावला खूप दिलं हे मला मान्य आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती आमच्याच दारावरून. पण विकासाच्या नावानं माझगावातलं काय काय हललं याची मोजदाद तुमच्याआधीच सुरू झालेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता गोदीबद्दल. इथं मी थोडी थांबणार आहे.

आजोबा रत्नागिरीकडून आले ते टोळीवाल्याच्या हाताखाली. टोळीवाला म्हणजे गोदीत माणसं पुरवणारा. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर काम, नाही तर परत. जहाज आलं नाही तर चूल नाही. १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि पुढे कामगारांची रीतसर नोंदणी सुरू झाली, हजेरी आली, रजा आली. वडील त्या बदलानंतरचे, म्हणून आमच्या घरात महिन्याचा पगार होता आणि मी शिकले. वडील विंच चालवायचे. जहाजाच्या डेकवर उभं राहून खाली खोलात उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या खुणेवर माल उचलायचा. आवाज इतका की बोलून उपयोग नाही, सगळी भाषा हातांची. घरीसुद्धा ते ‘बस्स’ म्हणायला मूठ बंद करायचे, ‘हळू’ म्हणायला पंजा खाली दाबायचे. आईनं वाढताना भात जास्त घेतला की मूठ. आम्ही भावंडं ती भाषा चांगली शिकलो.

माल यायचा तसा वास घेऊन ते घरी यायचे. खजूर, गंधक, गुळगुळीत कातडी, रॉक फॉस्फेटची धूळ. पायावर पोतं पडून मोडलेली बोटं आमच्या चाळीत घरटी एक तरी होतीच. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या कामात माणसं झिजली. १९८९ मध्ये पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरात बंद झाला, एका टोळीचं दिवसभराचं काम क्रेन काही मिनिटांत करू लागली. वडिलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या बरोबरीच्या कितीजणांनी घेतली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भरून टाकल्या. आता तिथं पाणी नाही.

व्हिक्टोरिया डॉकबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरीही लिहिते. १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज गोदीत उभं होतं. कराचीहून आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यांच्या सोबतीला कापसाच्या हजारो गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापूस पेटला. बंब आले, माणसं पाण्याचे पाइप खांद्यावर घेऊन जहाजावर चढली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. गोदीतली, मांडवीतली, आजूबाजूच्या चाळीतली माणसं गेली त्यांचा आकडा अजून एका ठिकाणी जुळत नाही. आजी सांगायची, आभाळातून पेटता कापूस पडत होता, आणि ती ओल्या गोधडीखाली दोन पोरांना घेऊन जिन्याखाली बसली होती. आजोबा तिसऱ्या दिवशी घरी आले. कुठं होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक दशकं सोन्याच्या विटा सापडत राहिल्या. ते मात्र प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात यायचं.

देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या माणसांसाठी. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. पण ज्या जागी हे घडलं ती जागा तुमच्या करड्या पट्ट्यात आहे. तिथं काय येणार हे तुम्ही ठरवणार आहात. काहीही आणा, पण तिथून जाणाऱ्या माणसाला कळू द्या की आपण व्हिक्टोरिया डॉकवरून चाललो आहोत, आणि चार वाजून सहा मिनिटांनी इथं काय झालं. मराठीत लिहा. ज्यांची माणसं गेली त्यांना वाचता यावं.

भाऊच्या धक्क्याला सरकारी कागदावर फेरी वॉर्फ म्हणतात. तुमच्या सादरीकरणातही तेच होतं. अख्ख्या कोकणात जाऊन फेरी वॉर्फ कुठं आहे म्हणून विचारा, कुणी सांगणार नाही. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात मुंबईत येणाऱ्या उतारूंना चिखलातून उतरावं लागायचं, ते पाहून या माणसानं धक्का बांधला. तो मूळ धक्का आताच्या जागी नव्हता. किनारा सरकला, नवा धक्का दुसरीकडे बांधला गेला, आणि लोकांनी भाऊंचं नाव उचलून नव्या धक्क्यावर आणून ठेवलं. कुणी ठराव केला नाही, पाटी लावली नाही.

आमच्या चाळीतला मे महिना या धक्क्यापासून सुरू व्हायचा. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पोरंबाळं, सगळा लवाजमा पहाटे धक्क्यावर. बोट सुटली की आई डोळे मिटून लिंबू हुंगत बसायची, कारण तिला बोट लागायची. गावाच्या बंदराला मोठी बोट लागत नसे. ती आत समुद्रात उभी राहायची आणि छोट्या पडावातून किनाऱ्यावर उतरायचं. आजीला कडेवर घेऊन पाण्यातून नेणारे खलाशी मला आठवतात. मग रस्ते सुधारले, एसटी वाढली, पुढे कोकण रेल्वे आली. ती बोटसेवा गेली. धक्का राहिला. रेवस-मोऱ्याच्या लाँच चालू राहिल्या, आणि २०२० पासून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो सुरू झाली. ती चांगली आहे, मी तिनं गेले आहे.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ च्या सकाळी रामदास बोट रेवसला निघाली. आषाढ अमावास्येच्या तोंडावर माणसं गावी निघालेली. तासाभराच्या अंतरात, किनारा दिसत असताना, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्या दिवसानंतर आषाढात सण झाला नाही. पाऊसकाळात आजही एखादी म्हातारी धक्क्यावर येते आणि पाण्यात नारळ सोडते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला कुणी अडवू नये. ‘सुशोभित’ किनाऱ्यावर पाण्यापर्यंत पोचणाऱ्या पायऱ्या नसतात, रेलिंग असतं. आम्हाला पायऱ्या हव्यात.

आणि मासळी. पहाटे चारला धक्क्यावर जा. ट्रॉलर लागतात, बर्फाच्या लाद्या फोडल्या जातात, टोपल्या डोक्यावरून धावतात, लिलावाची ओरड चालते. वास येतो, हो, येतो. तुमच्या सल्लागारांपैकी एकानं ‘दुर्गंधीचा प्रश्न’ असा शब्द वापरला. त्या वासावर हजारो घरं चालतात. कोळी हे या बेटावरचे सगळ्यांत जुने लोक. मुंबादेवी त्यांची, बंदर त्यांचं. बंदरावर बंदराचा वास नको असेल तर समुद्रकिनारी फ्लॅट कशाला घ्यायचा? गटारं नीट करा, बर्फाची सोय करा, बायकांना बसायला छप्पर आणि स्वच्छतागृहं द्या. मासळीला मात्र हलवू नका.

धक्क्याच्या उत्तरेला दारूखाना लागतो. बाहेरचे नाव ऐकून वेगळाच अर्थ काढतात. दारू म्हणजे बंदुकीची दारू. ती इथं ठेवत असत. माझगावात गनपावडर रोडही आहे. पुढे लकडी बंदर, कोळसा बंदर, ‘हे’ बंदर (हे म्हणजे इंग्रजीत वाळलेलं गवत), टँक बंदर, कौला बंदर. लाकूड जिथं उतरलं ते लकडी बंदर, कोळसा जिथं उतरला ते कोळसा बंदर. कौलं उतरायची म्हणून कौला बंदर, असं तिथले जुने सांगतात. मुंबईच्या चाळी ज्या सागवानानं उभ्या राहिल्या, ज्या कौलांनी शाकारल्या, त्या सगळ्याचा हिशेब या नावांत आहे. दारूखान्यात जहाजं फोडतात. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली विक्रांत २०१४ मध्ये इथंच फोडली. त्याच किनाऱ्यावर, पाऊण तासाच्या चालीवर, माझगाव डॉकमध्ये जहाजं जन्माला येतात. निलगिरी ही युद्धनौका १९६८ मध्ये तिथं पाण्यात उतरली, आणि वडील त्या दिवशी मला काखेत घेऊन टेकडीवर गेले होते असं आई सांगायची. मला आठवत नाही, मी फार लहान होते.

कौला बंदरात माणसं राहतात. तमिळ बोलणारी, भोजपुरी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या. जमीन केंद्राच्या अखत्यारीतल्या बंदराची, म्हणून वस्ती कागदावर नाही. वस्ती कागदावर नाही म्हणून कित्येक दशकं नळ नाही. बायका पिंपानं पाणी विकत घेत आल्या, इमारतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त दरानं. माझ्या ओळखीची एक बाई तिथं राहते, भंगारातल्या जहाजाच्या लाकडाचं कपाट तिच्या घरात आहे, त्यावर परदेशी अक्षरं कोरलेली आहेत. ‘विकासासाठी उपलब्ध जमीन’ या तीन शब्दांत ती आणि तिचं कपाट बसतं का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. आधी माणसं मोजा. आराखडा त्यानंतर काढा. आणि पुनर्वसन याच किनाऱ्यावर करा. जुन्या, धोकादायक ठरलेल्या इमारतींतली माणसं शहराच्या टोकाला पाठवली की त्यांचं काय होतं हे आम्ही माझगावकरांनी जवळून पाहिलं आहे. घर मिळतं, काम सुटतं.

तुमच्या चित्रात नसलेल्या आणखी दोन जागा सांगते, फक्त माहितीसाठी. नवाब टँक रोडला एक लाल रंगाचं चिनी देऊळ आहे, १९१९ चं, मुंबईतलं एकमेव. कँटनकडच्या खलाशांनी आणि गोदीत कामाला आलेल्यांनी बांधलेलं. १९६२ च्या युद्धानंतर त्यांतली बरीच कुटुंबं निघून गेली, पण चिनी नववर्षाला अजून तिथं उदबत्त्या लागतात आणि आजूबाजूची मुलं प्रसाद खायला जातात. मीही जात असे. आणि हसनाबादचा पांढरा घुमट, इस्माइली खोजांचे धर्मगुरू पहिले आगाखान यांची कबर. इराणातून आलेला माणूस १८८१ मध्ये गेला आणि माझगावात पुरला गेला. समुद्रानं इथं कोण कोण आणलं, एवढ्यासाठी सांगितलं.

मागण्या पत्रात जागोजागी आल्याच आहेत. एक राहिली. गोदीतली एखादी जुनी शेड, तिच्यातल्या क्रेनसकट, जशी आहे तशी राहू द्या. काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूंचं आणि तिकिटाच्या खिडकीचं संग्रहालय मला नको. छप्पर गळत असेल तर दुरुस्त करा, बाकं टाका, आणि निवृत्त गोदी कामगारांना तिथं संध्याकाळी बसू द्या. जे उरलेत ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारा हूक कसा धरायचा, गाठी कशा रचायच्या, विंचवाल्याला कोणत्या खुणा करायच्या. पाचदहा वर्षांनी विचारायला कुणी नसेल. माझे वडील आता नाहीत.

पत्रासोबत एक यादी जोडते आहे. शिवडीपासून बॅलार्ड पियरपर्यंतची बंदरं, बेसिन, धक्के, फाटकं आणि शेड, जशी माणसं म्हणतात तशी. निम्मी नावं वडिलांनी शेवटच्या आजारपणात वहीत लिहून ठेवलेली आहेत, काही ठिकाणी अक्षर लागत नाही, तिथं मी प्रश्नचिन्ह टाकलं आहे. उरलेली मी शेजाऱ्यांना विचारून भरली. कौला बंदरापलीकडचा भाग अपुरा आहे. तिथल्याच लोकांना विचारून तो पुरा करावा. पुढच्या वेळी पडद्यावर नकाशा येईल तेव्हा करड्या पट्ट्यावर ही नावं असावीत.

आणि त्याआधी एकदा टेकडीवर या. डॉकयार्ड रोडला उतरलात की मी स्टेशनच्या बाहेर उभी असेन. रविवारी सकाळी सात वाजता बरं पडतं, ऊन चढलेलं नसतं आणि समोरचा घारापुरीचा डोंगर स्पष्ट दिसतो. वर जायला पंधरा मिनिटं लागतात, माझ्या गुडघ्यांमुळे वीस धरा.

आपली,
ताडवाडीत वाढलेली, माझगावची एक रहिवासी